माउलीच्या केसांची पानगळ

नेरडीगोंड्याहून कुंतला धबधब्याकडे जाणारी वाट सागाच्या रानातून जाते. पावसाळ्यात या वाटेने जावे, तर सुपाएवढ्या पानांच्या छायेत आकाशही नीट दिसत नाही. परंतु उपवासकाळाच्या दिवसांत तेच रान पाहावे, तर डोळ्यांस ओळख पटत नाही. झाडे उघडीबोडकी उभी असतात, पायांखाली वाळली पाने करकर वाजतात आणि मधूनच एखादा पळस तेवढा लाल पेटलेला दिसतो. नवखा मनुष्य म्हणेल, हे रान मेले. येथला गुराखी पोरगा मात्र हसेल आणि म्हणेल, "मृगाचा पाऊस पडू द्या, मग बघा."

अशाच एका उपवासकाळात मी त्या बाजूच्या कुटुंबांच्या भेटीस गेलो होतो. बरोबर परिचारिकेचे काम करणाऱ्या एक धर्मभगिनी होत्या. एका घरी चार महिन्यांचे गोंडस बाळ पाळण्यात हातपाय नाचवीत होते. चाळीस दिवसांचे असताना आईने ते प्रार्थनामंदिरात आणले होते आणि मी मायलेकरांस आशीर्वाद दिला होता. तेव्हाची ती हसरी मुलगी आज दाराआड उभी होती. डोईवरचा पदर तिने कपाळाखाली ओढून घेतला होता. गेले पाच रविवार ती मिस्सालाही दिसली नव्हती.

तिच्या सासूबाईंनीच विषय काढला. "फादर, तुम्हीच हिला काही सांगा. लेकरू चार महिन्यांचं, अन् ही त्याचं दूध तोडायला निघालीय."

मुलगी काही बोलली नाही. तिने कोनाड्यातून एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. आत गुंतवळ होते. फेरीवाला केसांवर भांडी देतो म्हणून आपल्या खेड्यापाड्यांतील बायका विंचरलेले केस भिंतीच्या फटीत जपून ठेवतात, हे मला ठाऊक होते. परंतु एवढे मोठे गुंतवळ मी पाहिले नव्हते. "एका महिन्याचं आहे, फादर," ती म्हणाली. "शेजारीण म्हणते, दुधावाटे अंगातली ताकद जाते, म्हणून केस जातात. बाजारातल्या माणसाकडून तेलाची बाटली उधारीवर आणली. उपयोग नाही. काही महिन्यांत माझं डोकं उघडं पडेल."

वाचकहो, त्या वेळी मी जे उत्तर दिले, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "पोरी, देवानं असं सोन्यासारखं लेकरू दिलं, अन् तू केसांचं काय घेऊन बसलीस?" ती गप्प राहिली. डब्याचे झाकण तिने लावले, पदर आणखी खाली ओढला आणि ती आत निघून गेली.

परतताना त्या धर्मभगिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. रानाच्या मध्यावर येताच थांबून म्हणाल्या, "फादर, तुम्ही चुकलात. त्या मुलीने तुमच्याकडे भाकर मागितली आणि तुम्ही तिला धोंडा दिलात. तिला भीती वाटते आहे, आणि त्या भीतीपायी बाळाचे दूध तुटणार आहे. ही लहान गोष्ट आहे काय?" मग पायांखालचे एक वाळलेले पान उचलून त्यांनी मला जो धडा दिला, तो आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून व वाचून जे मला कळले, ते त्या मुलीच्या अनुमतीने, तिचे नाव न देता, आज आपणांपुढे ठेवीत आहे.

केस गळतो कसा?

निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील प्रत्येक केसाचे आयुष्य स्वतंत्र असते. दोन ते सहा वर्षे तो वाढतो. नंतर दोनतीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते. त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता विसावा घेतो आणि मग गळतो. त्याच मुळातून नवा केस वर येतो. साधारणपणे शंभरांतील पंचाऐंशी ते नव्वद केस वाढत असतात आणि उरलेले विसाव्यात असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा आजार नव्हे, तो निसर्गाचा नित्यक्रम होय. आंब्याचे झाड बाराही महिने हिरवे दिसते, पण त्याच्या बुडाशी रोज चार पाने पडलेली असतातच. तसेच हे.

गरोदरपणी मात्र हा क्रम बदलतो. स्त्रीच्या रक्तात इस्ट्रोजेन नावाचे अंतःस्राव फार वाढतात आणि त्यांच्या प्रभावामुळे केस वाढीच्या अवस्थेतच अधिक काळ राहतात. जे केस एरवी गळावयाचे, ते गळत नाहीत. म्हणूनच दिवस गेलेल्या स्त्रीची वेणी सातव्या-आठव्या महिन्यात भरघोस दिसते. बाळ जन्मास येताच हे अंतःस्राव एकाएकी उतरतात. मग थांबवून धरलेले सारे केस एकदम विसाव्यास जातात. एरवी शंभरांत दहा-पंधरा केस विसाव्यात असावयाचे, ते पंचवीस-तीसपर्यंत पोहोचतात. विसाव्याची मुदत सुमारे तीन महिन्यांची, म्हणून बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी ते सारे मिळून गळू लागतात. फणी भरते, न्हाणीघराची मोरी तुंबते, उशीवर केस दिसतात.

म्हणजे काय झाले? वर्षभर आंब्याप्रमाणे वागणारे झाड एका ऋतूपुरते सागाप्रमाणे वागले. पाने तेवढीच पडली, पण एकाच वेळी पडली. गळतात ते बहुतांशी गरोदरपणात राखून ठेवलेले केस होत, आणि त्यांची मुळे शाबूत असतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकारच्या केसगळतीचे सविस्तर वर्णन करून तिला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' असे नाव दिले. मोठा ज्वर, मोठी शस्त्रक्रिया, अतिरक्तस्राव किंवा उपासमार यांनंतरही दोनतीन महिन्यांनी केस असेच गळतात.

आता ही गळती थांबते केव्हा? चौथ्या महिन्याच्या सुमारास ती सर्वांत जोरात असते. पुढे ती ओसरू लागते, आणि बाळ सहा महिन्यांचे ते एक वर्षाचे होईपर्यंत बहुतेक स्त्रियांचे केस पूर्ववत होतात. हिने टक्कल पडत नाही. हे एक वाक्य जर त्या दिवशी मला सांगता आले असते, तर त्या मुलीच्या किती रात्री सुखाने गेल्या असत्या!

दोन गैरसमज

आमच्या एका वृद्ध आजीबाईंचे म्हणणे असे की, बाळ आईला ओळखून हसू लागले की आईचे केस गळू लागतात. आजीबाईंची नजर खोटी नाही. बाळाचे पहिले खरे हसू दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येते आणि केसगळतीही त्याच सुमारास सुरू होते. पण दोन पाहुणे एकाच गाडीतून उतरले म्हणून एकाने दुसऱ्याला आणले असे होत नाही. बाळाच्या हसण्याला कोणी दृष्ट समजू नये. उलट पाळण्यातल्या उशीकडे नीट पाहावे. त्याच महिन्यांत बाळाचे जावळही विरळ होते आणि टाळूमागे टक्कल दिसू लागते. जन्माबरोबर त्याचेही केस विसाव्यास गेलेले असतात. आई आणि लेकरू एकाच वेळी जुनी पाने टाकतात, ही केवढी गोड गोष्ट आहे!

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. तो म्हणजे अंगावर पाजल्याने केस गळतात. हे खरे नाही. वरचे दूध देणाऱ्या मातांचेही केस याच काळात गळतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे आणि नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवावे. केसांच्या भीतीने दूध तोडले तर केस राहणार नाहीत, आणि बाळाचे मात्र मोठे नुकसान होईल. पाणी घालून पातळ केलेले बाटलीतले दूध आणि त्यामागून येणारा अतिसार यांनी किती पाळणे रिकामे केले आहेत, हे जुन्या धर्मग्रामांच्या नोंदवह्या उघडल्या म्हणजे समजते.

नैसर्गिक उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे धीर. ही गळती आपोआप थांबते. तिला थांबविणारे जादूचे तेल अद्याप कोणी काढलेले नाही. तेल लावल्यावर दोन महिन्यांनी केस यावयाचे ते आलेच असते. श्रेय मात्र बाटलीला मिळते आणि उधारी आईच्या नावावर राहते.

दुसरा उपाय म्हणजे अन्न. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि नवा केस उगवावयाचा तर त्याला माती सकस हवी. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अन्न आणि १७ ग्रॅम प्रथिने नेहमीपेक्षा अधिक लागतात. असे असता कित्येक घरांत बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली नुसता भात आणि लसणीची चटणी दिली जाते. डाळ वातुळ, भाजी थंड, अंडे उष्ण, असे म्हणून ताटातून एकेक वस्तू उचलली जाते. ही कोणती माया?

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या रानात आणि शेतात काय कमी आहे? ज्वारीची भाकर आहे, तुरीचे वरण आहे, हरभरा, शेंगदाणे, तीळ आणि गूळ आहे. शेवग्याचा पाला आहे. अंबाडीची भाजी आहे, तिलाच आपले तेलुगू शेजारी गोंगुरा म्हणतात. उटनूरकडील आदिवासी भगिनी मोहाच्या फुलांचे लाडू करतात. अंडी, मासे आणि दूध परवडेल तसे घ्यावे. आपल्या आज्यांचे हळिवाचे, डिंकाचे आणि मेथीचे लाडू हीदेखील काही अंधश्रद्धा नव्हे. त्यांत लोह आहे, स्निग्धता आहे आणि मुख्य म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी रांधले, हा दिलासा आहे. त्यांबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू असावा, म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये, कारण तो लोह अडवितो. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

आपल्या तेलंगण राज्यात १ जानेवारी २०१५ पासून 'आरोग्य लक्ष्मी' ही योजना आहे. तिच्याद्वारे अंगणवाडीत गरोदर व स्तनदा मातांना पूर्ण जेवण, अंडे आणि २०० मिलिलिटर दूध देण्याची तरतूद आहे. कित्येक सुना संकोचापायी तेथे जात नाहीत. "लोक काय म्हणतील" या भयाने आईने उपाशी राहावे, हे देवाला आवडणारे नाही. सासूबाईंनी स्वतः सुनेला घेऊन तेथे जावे.

तिसरा उपाय म्हणजे रक्ताची काळजी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. बाळंतपणात रक्त जाते, मग हा तोटा आणखी वाढतो. लोहाची उणीव असेल तर केसांची गळती लांबते आणि नवा केस बारीक येतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. बाळंतिणीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असेल, तर ते रक्तक्षयाचे लक्षण होय. सरकारी योजनेप्रमाणे गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची लाल गोळी रोज विनामूल्य मिळते. मळमळ होत असल्यास ती रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्याबरोबर न घेता दोन तासांच्या अंतराने घ्यावी. बाळ झाले म्हणजे गोळ्यांचे पाकीट खिडकीत पडून राहते, असे मी घरोघर पाहतो. तेथूनच हा तोटा सुरू होतो.

चौथा उपाय म्हणजे केसांची साधी निगा. वेणी सैल घालावी. घट्ट अंबाडा आणि ताणून बांधलेली वेणी मुळांना ओढते. ओले केस विंचरू नयेत. ते सुकू द्यावे आणि रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवीत यावे. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. त्याने नवा केस उगवत नाही, परंतु असलेला केस तुटत नाही. शिकेकाई किंवा साधा सौम्य शांपू यांपैकी जे सोसेल ते वापरावे. केस गळतात म्हणून न्हाणे टाळू नये. गळावयाचे ते चार दिवसांनी एकदम दिसतील, एवढेच. डोके भादरल्याने किंवा केस कापल्याने मुळांत काही फरक पडत नाही. स्वतःला सोयीचे वाटले तर केस थोडे आखूड करावे, परंतु ते आईच्या इच्छेने करावे, कोणाच्या हुकमाने नव्हे.

पाचवा उपाय म्हणजे झोप. हा सर्वांत कठीण. बाळ रात्री चार वेळा उठते आणि दिवसा घर उठते. येथे औषध एकच, ते म्हणजे घरातील इतरांचे हात.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. निनावी बाटली, लेबल नसलेली पुडी आणि कोणीतरी दिलेला काढा अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये. त्यांत काय आहे हे विकणारालाही ठाऊक नसते. टक्कल पडलेल्यांना दिले जाणारे मिनॉक्सिडिलही स्तनदा मातेने डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये. हल्ली बायोटिनच्या गोळ्यांची मोठी जाहिरात होते. ज्याला बायोटिनची उणीव नाही, त्याला त्यांचा विशेष लाभ नाही. उलट त्या चालू असताना थायरॉइडची रक्ततपासणी केल्यास आकडे चुकू शकतात.

एक केस, एक इवलेसे बोट

आता एक गोष्ट जी प्रत्येक आईने, आजीने आणि पित्यानेही लक्षात ठेवावी. आईचा गळलेला लांब केस कधी कधी बाळाच्या पायमोज्यात, दुपट्यात किंवा झबल्यात अडकतो आणि हातापायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. केस बारीक, बोट इवलेसे. थोड्याच वेळात बोट सुजते, केस मांसात रुततो आणि डोळ्यांना दिसतही नाही. रक्त अडते, आणि वेळीच तो काढला नाही तर बोट गमावण्याचाही प्रसंग येतो. मुलग्याच्या शिश्नाभोवतीही असा केस अडकू शकतो. नेमक्या ज्या महिन्यांत आईचे केस जोरात गळतात, त्याच महिन्यांत हे संकट अधिक संभवते.

म्हणून बाळ कशानेही राहत नसेल, दूध घेत नसेल, तर पोटदुखी म्हणून ओवा-बाळघुटी शोधण्याआधी त्याचे कपडे काढून दाही बोटे हातांची आणि दाही पायांची पाहावी. एखादे बोट लाल किंवा निळे होऊन सुजलेले दिसले, तर केस सहज निघत असल्यास काढावा, नाही तर तत्काळ दवाखाना गाठावा. रात्र असली तरी थांबू नये. खबरदारी सोपी आहे. आईने केस बांधून बाळाला घ्यावे, मोजे-टोपडी उलटी करून झटकावी आणि गुंतवळ बाळाच्या जागेपासून दूर ठेवावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बाळ वर्षाचे झाले तरी गळती थांबली नाही, डोक्यावर नाण्याएवढी चाई पडली, खाज, खपल्या किंवा पू दिसला, तर ही साधी पानगळ नव्हे. फार थकवा, छातीत धडधड, फार थंडी किंवा फार उष्मा वाटणे, वजनात मोठा बदल, ही लक्षणे असतील तर थायरॉइड ग्रंथी तपासून घ्यावी. शंभर बाळंतिणींपैकी सुमारे पाच जणींना त्या वर्षात या ग्रंथीचा दाह होतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला होता, दूध उतरलेच नाही, पाळी आली नाही आणि अंगावरचेही केस जात आहेत, असे असल्यास मुळीच वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे.

आणि मनाचे काय? आरशापुढे आलेले क्षणभराचे अश्रू वेगळे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातही मन न लागणे, बाळाविषयी माया न वाटणे, झोप न येणे, 'मी नसले तर बरे' असे विचार येणे, हा आजार आहे. बाळंतपणानंतर जगभरात शंभरांतील सुमारे तेरा स्त्रियांना असा मानसिक आजार होतो. तो पापाचा परिणाम नाही, श्रद्धेची उणीव नाही. प्रार्थना अवश्य करावी, आणि डॉक्टरांकडेही अवश्य जावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

घराचे कर्तव्य

संत योसेफाचे चित्र आपल्या प्रत्येक घरी असते. बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन तो रात्रीत मिसर देशास निघाला. त्याच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही, पण त्याचे हात मात्र सतत कामात दिसतात. आमच्या तरुण पित्यांनी त्याच्याकडून शिकावे. पाणी भरावे, दुपटी धुवावी, रात्रीचा एक प्रहर बाळ खांद्यावर घ्यावे. आणि पत्नीच्या विरळ केसांवर विनोद करू नये. विनोद करणारा विसरतो, ऐकणारी विसरत नाही.

सासूबाईंनाही माझी एक विनंती आहे. आपलेही केस असेच गळले होते. तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नाही, म्हणून आपणही रडला असाल. आज सुनेच्या पाठीवर हात ठेवून एवढे म्हणा, "अगं, माझंही असंच झालं होतं. येतात परत." या दोन वाक्यांइतके गुणकारी तेल बाजारात मिळत नाही.

आणि आम्ही धर्मगुरू? पवित्र शास्त्राने केसांना क्षुल्लक मानलेले नाही, हे मला त्या दिवशी आठवावयास हवे होते. एका पश्चात्तापी स्त्रीने प्रभूचे पाय आपल्या अश्रूंनी भिजविले आणि केसांनी पुसले, तेव्हा प्रभूने तिला दूर सारले नाही. आणि शिष्यांचे भय घालविण्यासाठी त्याने दाखला कशाचा दिला? स्वर्गीय पित्याजवळ आपल्या केसांचीही गणती आहे, याचा. जी वस्तू देव मोजतो, तिच्यासाठी एका भ्यालेल्या मुलीने रडावे आणि मी तिला हसावे, हा कुठला धर्म? तिला देखणे दिसावयाचे होते एवढेच नव्हे. नऊ महिने आणि चार महिने तिचे सारे शरीर दुसऱ्यासाठी खपले होते. त्यांतील जे थोडे तिचे म्हणून उरले होते, तेही फणीत येताना ती पाहत होती.

त्याच आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. सासूबाईंसमोर त्या मुलीची क्षमा मागितली. धर्मभगिनींनी तिला वाळलेले सागाचे पान दाखवून सारे समजावून सांगितले. दूध तुटले नाही. आरोग्य केंद्रात रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन नऊ ग्रॅम निघाले. खिडकीतले गोळ्यांचे पाकीट पुन्हा उघडले गेले, ताटात डाळ आणि अंबाडी आली, आणि सासूबाई तिला अंगणवाडीत सोडू लागल्या.

पावसाळा लागला. जुलैच्या एका रविवारी मिस्सानंतर ती बाळाला कडेवर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पदर मागे सरकला होता. कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे होते, कोंबांसारखे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून हे नवे केस वेणीत मावत नाहीत आणि कपाळावर उभे राहतात. कित्येक मुली त्यांनाही लाजतात आणि तेल थापून दडवितात. ही मात्र हसत होती. "फादर, बघा, पालवी!" ती म्हणाली. बाळाने तेवढ्यात हात लांबवून त्यांतला एक कोंब मुठीत पकडला आणि जोराने ओढला.

बाहेर पाऊस पडत होता आणि रान पुन्हा इतके दाट झाले होते की वाट दिसत नव्हती.

भगिनींनो, आपल्यापैकी जिच्या फणीत आज केसांचा पुंजका येत असेल, तिने तो पाहून भिऊ नये. पोटभर जेवावे, गोळी चुकवू नये, बाळाला पाजावे, मिळेल तेव्हा झोपावे आणि बाळाची बोटे पाहावयास विसरू नये. देवमाता पवित्र मारिया, जिने गोठ्यात बाळ वाढविण्यास आरंभ केला, ती आपणां सर्व मातांचा सांभाळ करो.